भरवसा, भिस्त आणि आधार
विश्वास व अवलंबन दर्शविणाऱ्या इंग्रजी जोडक्रियापदांचा परिचय

धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि धडगाव म्हणजेच अक्राणी अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. सातपुड्याच्या रांगांतील बालकाच्या कानांवर घरी भिली किंवा पावरी बोली पडते. नवापूरकडे मावची आणि कोकणी, तर सपाटीवरील गावांत अहिराणी व गुजर बोली ऐकू येते. हे बालक शाळेत येते तेव्हा त्याला मराठी शिकावी लागते. २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत इंग्रजी हा विषय इयत्ता पहिलीपासूनच सुरू झालेला आहे. म्हणजे ज्या वयात इतर मुले दुसरी भाषा शिकू लागतात, त्याच वयात येथील अनेक मुलांपुढे तिसरी भाषा उभी असते.

अशा विद्यार्थ्याला सुटे इंग्रजी शब्द पाठ करणे फारसे जड जात नाही. ‘काउंट’ म्हणजे मोजणे आणि ‘ऑन’ म्हणजे वर, हे तो सहज सांगतो. परंतु हेच दोन शब्द एकत्र येऊन ‘काउंट ऑन’ झाले की त्याचा अर्थ ‘वर मोजणे’ असा न होता ‘भिस्त ठेवणे’ असा होतो, आणि येथे पाठांतराचा उपयोग संपतो. क्रियापद आणि त्याला जोडून येणारे एखादे लहानसे अव्यय यांची जी जोडी स्वतंत्र अर्थ धारण करते, तिला इंग्रजीत ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात. प्रस्तुत लेखात आपण तिला ‘जोडक्रियापद’ असे म्हणू. अशा जोड्या इंग्रजीत हजारोंनी आहेत. त्यांपैकी दुसऱ्यावर विसंबणे, विश्वास टाकणे, आधार घेणे किंवा आधार देणे या व्यवहाराशी निगडित असलेल्या निवडक जोड्यांचाच येथे विचार केला आहे. गावचा कारभार, शाळा आणि कार्यालय या तिन्ही ठिकाणी कोणी कोणावर कितपत विसंबावे हा प्रश्न नित्य उद्‌भवतो. म्हणून हीच क्रियापदे प्रथम समजून घेणे उपयुक्त ठरेल.

अडचण जुनीच आहे

ही अडचण आपल्याकडील विद्यार्थ्यांचीच आहे असे नव्हे. १७५५ साली डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांचा सुप्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले आहे की, क्रियापदामागे अव्यय जोडून अर्थ पालटण्याची ही रीत इंग्रजीत विपुल असून परकीयांना तीच सर्वांत अवघड जाते. ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ सालच्या आपल्या ग्रंथात ती रूढ केली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या अनेक पिढ्या होऊन गेल्या. मराठी वाक्य घ्यावयाचे, त्यातील अर्थाची उकल करावयाची आणि मग इंग्रजी वाक्य बांधावयाचे, अशी ती पद्धत होती. या पद्धतीत काही उणिवा असतीलही. तथापि आपल्या भाषेतील अर्थ आधी नक्की करावा आणि मग परक्या भाषेतील शब्द शोधावा, हे तिच्यातील तत्त्व जोडक्रियापदांच्या बाबतीत आजही अत्यंत उपयोगी आहे.

मराठीतही हेच घडते

लहानशा प्रत्ययाने किंवा अव्ययाने अर्थ समूळ पालटणे ही गोष्ट मराठी माणसाला मुळीच नवीन नाही. ‘पाठ’ हा साधा शब्द घ्या. संकटात एखाद्याच्या ‘पाठीशी’ उभे राहणे म्हणजे त्याला आधार देणे. ‘पाठीस’ लागणे म्हणजे तगादा लावणे. बहिणीच्या ‘पाठीवर’ भाऊ झाला म्हणजे तिच्यानंतर तो जन्मला. शब्द एकच, परंतु ‘शी’, ‘स’ आणि ‘वर’ यांनी तीन निराळे अर्थ घडविले.

याहून बोलके उदाहरण ‘विसंबणे’ या क्रियापदाचे आहे. ‘तो भावावर विसंबला’ याचा अर्थ त्याने भावावर भरवसा टाकला. ‘आई लेकराला क्षणभरही विसंबत नाही’ याचा अर्थ ती त्याला नजरेआड होऊ देत नाही. ‘वर’ असता भरवसा ठेवणे आणि ‘ला’ असता दृष्टीआड करणे! मराठी बोलणारा कोणीही या दोन अर्थांत गोंधळत नाही, कारण तो ‘विसंबणे’ हा शब्द सुटा शिकलेला नसून ‘वर विसंबणे’ आणि ‘ला विसंबणे’ असे दोन प्रयोग शिकलेला आहे. इंग्रजी जोडक्रियापदांचा अभ्यासही याच रीतीने व्हावयास हवा. ‘काउंट’ आणि ‘काउंट ऑन’ ही एका शब्दाची दोन रूपे नसून दोन स्वतंत्र शब्द आहेत असे मानावे.

गरज वेगळी, विश्वास वेगळा

अवलंबन दर्शविणाऱ्या क्रियापदांत सर्वांत परिचित म्हणजे ‘डिपेंड ऑन’. लॅटिन भाषेत याच्या मूळ धातूचा अर्थ ‘खाली लोंबणे’ असा आहे. आपल्या ‘अवलंबणे’ या शब्दातही ‘अव’ म्हणजे खाली आणि ‘लंब्’ म्हणजे लोंबणे हीच कल्पना आहे. खुंटीला टांगलेली वस्तू खुंटीवर अवलंबून असते. खुंटी मजबूत आहे की नाही हा प्रश्न निराळा. ‘डिपेंड ऑन’ मध्ये प्रामुख्याने गरज सांगितलेली असते.

‘रिलाय ऑन’ चे मूळ फ्रेंचमध्ये असून त्यात बांधण्याचा, जोडून घेण्याचा भाव होता. आज त्याचा अर्थ ‘विसंबणे’ किंवा ‘भरवसा ठेवणे’ असा होतो. म्हणजे येथे गरजेबरोबर विश्वासही आला. हा फरक आपल्या जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला कोणत्याही व्याकरणापेक्षा चांगला कळेल. ‘वुई डिपेंड ऑन द रेन, बट वुई कॅनॉट रिलाय ऑन इट.’ आमची शेती पावसावर अवलंबून आहे, परंतु पावसावर विसंबून राहता येत नाही. या एका वाक्यात दोन्ही क्रियापदांमधील अंतर पूर्णपणे सामावलेले आहे.

‘काउंट ऑन’ हे ‘रिलाय ऑन’ च्या जवळचे, परंतु अधिक घरगुती आहे. ज्या माणसाला आपण आपल्या हिशेबात निश्चितपणे धरले आहे, त्याच्याविषयी ते वापरतात. ‘यू कॅन काउंट ऑन मी’ म्हणजे ‘माझ्यावर भिस्त ठेवा, मी आहे’. ऊसतोडणीसाठी परराज्यात जाणारे आईवडील आश्रमशाळेत मुलाला सोडताना म्हणतात, ‘गुरुजी, तुमच्या भरवशावर पोराला ठेवून चाललो आहे.’ या वाक्यातील भाव इंग्रजीत आणावयाचा तर ‘वुई आर काउंटिंग ऑन यू’ असेच म्हणावे लागेल. तेथे ‘डिपेंड’ वापरल्यास गरज कळेल, परंतु त्यामागील श्रद्धा कळणार नाही.

‘बँक ऑन’ मध्ये व्यक्तीपेक्षा घडणाऱ्या गोष्टीवर अधिक भर असतो. अमुक गोष्ट घडेलच असे गृहीत धरून आपले बेत आखणे, असा त्याचा अर्थ. मिरचीला यंदा चांगला भाव मिळेल असे धरून कोणी कर्ज काढले, तर ‘ही इज बँकिंग ऑन अ गुड प्राइस फॉर हिज चिलीज’ असे म्हणता येईल. हे क्रियापद पुष्कळदा नकारार्थी, सावधगिरीच्या सूचनेत येते. ‘डोन्ट बँक ऑन इट’ म्हणजे ‘ते गृहीत धरू नका’.

शेवटचा आधार आणि मदतीची हाक

‘फॉल बॅक’ म्हणजे सैन्याने माघार घेणे. माघार घेतलेले सैन्य ज्या मागच्या ठाण्याचा आश्रय घेते, त्यावरून ‘फॉल बॅक ऑन’ चा अर्थ ‘इतर उपाय थकल्यावर शेवटचा आधार घेणे’ असा झाला. पीक बुडाल्यावर घरात राखून ठेवलेले धान्य कामी येते, त्या वेळी ‘दे फेल बॅक ऑन देअर स्टोअर्ड ग्रेन’ असे म्हणतात. यात मधला ‘बॅक’ गळला तर अर्थ बिघडतो. ‘फॉल ऑन’ म्हणजे तुटून पडणे किंवा अंगावर येऊन पडणे.

‘टर्न टू’ म्हणजे मदतीसाठी एखाद्याकडे वळणे, धाव घेणे. नर्मदाकाठच्या पाड्यांतील रुग्णांना जेथे रस्त्याने दवाखाना जवळ नाही, तेथे ते पाण्यावरील तरंगत्या दवाखान्याकडे धाव घेतात. हे ‘टर्न टू’ होय. मात्र ‘टू’ ऐवजी ‘ऑन’ आले की अर्थ अगदी उलट होतो. ‘टर्न ऑन’ म्हणजे एखाद्यावर उलटणे. ‘द डॉग टर्न्ड ऑन इट्स मास्टर’ म्हणजे कुत्रा धन्यावरच उलटला. ज्याच्याकडे आपण मदतीसाठी वळलो त्याच्यावर आपण उलटलो असे वाक्य लिहिले गेले, तर किती अनर्थ होईल हे सांगणे नको.

‘लुक टू’ मध्ये अपेक्षेचा भाव आहे. मराठीत आपण ‘तोंडाकडे पाहणे’ म्हणतो, तीच ही कल्पना. ‘द व्हिलेज लुक्स टू द पंचायत फॉर ड्रिंकिंग वॉटर’ म्हणजे पिण्याच्या पाण्यासाठी गाव पंचायतीकडे अपेक्षेने पाहते. हे काम पंचायतीचे कर्तव्यच आहे असा सूर त्यात मिसळलेला असतो. याच ‘लुक’ ला ‘आफ्टर’ जोडले म्हणजे सांभाळ करणे, ‘अप टू’ जोडले म्हणजे आदर बाळगणे आणि ‘डाउन ऑन’ जोडले म्हणजे तुच्छ लेखणे असे अर्थ होतात.

भार टाकणारे, भार उचलणारे

‘लीन’ म्हणजे रेलणे. ‘लीन ऑन’ म्हणजे एखाद्याचा मानसिक किंवा आर्थिक आधार घेणे. दुःखात बहीण भावाचा आधार घेते, तेथे ते शोभून दिसते. परंतु याच शब्दांचा दुसरा अर्थ ‘दबाव आणणे’ असाही आहे. कोणी अधिकाऱ्यावर ‘लीन ऑन’ केले म्हणजे त्याचा आधार घेतला की त्याच्यावर दडपण आणले, हे मागचे पुढचे वाक्य पाहूनच ठरवावे लागते.

‘लिव्ह ऑन’ आणि ‘लिव्ह ऑफ’ या जोडीकडेही लक्ष द्यावे. ‘ही लिव्ह्ज ऑन हिज पेन्शन’ म्हणजे तो निवृत्तिवेतनावर गुजराण करतो. यात गैर काही नाही. ‘ही लिव्ह्ज ऑफ हिज ब्रदर’ म्हणजे तो भावाच्या जिवावर जगतो. यात निंदा आहे. मराठीत ‘निवृत्तिवेतनावर’ आणि ‘भावाच्या जिवावर’ या दोन प्रयोगांत जी छटा आपण सहज ओळखतो, ती इंग्रजीत ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ यांवर येऊन ठेपते. ‘ऑफ’ जमिनीसारख्या साधनाविषयी आले तर मात्र निंदा उरत नाही. ‘दे लिव्ह ऑफ द लँड’ म्हणजे ते जमिनीतून मिळेल त्यावर उपजीविका करतात.

आधार देणाऱ्याच्या बाजूची क्रियापदेही आहेत. ‘स्टँड बाय’ म्हणजे पाठीशी उभे राहणे. ‘बॅक अप’ म्हणजे पाठबळ देणे, एखाद्याच्या म्हणण्याला दुजोरा देणे. याउलट ‘बॅक आउट’ म्हणजे दिलेल्या शब्दातून अंग काढून घेणे, आणि ‘लेट डाउन’ म्हणजे विश्वास टाकणाऱ्याला तोंडघशी पाडणे. ‘स्टँड बाय’ च्या बाबतीत एक सावधगिरी हवी. ‘दे स्टुड बाय हिम’ म्हणजे ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. परंतु पुढे व्यक्ती न येता नुसते ‘दे स्टुड बाय’ असे असेल, तर ते बाजूला उभे राहून पाहत राहिले, किंवा हुकमाची वाट पाहत सज्ज राहिले, असे अर्थ निघतात.

मराठी वळणामुळे होणाऱ्या चुका

मराठीत विश्वास, भरवसा, भिस्त, अवलंबन या साऱ्यांना ‘वर’ लागतो. इंग्रजीतही ‘डिपेंड’, ‘रिलाय’, ‘काउंट’, ‘बँक’, ‘लीन’ या साऱ्यांपुढे ‘ऑन’ येतो. ही मराठी विद्यार्थ्याची मोठीच सोय आहे. तथापि हीच सोय काही ठिकाणी फसवी ठरते.

पहिली चूक ‘ट्रस्ट’ या शब्दाची. ‘मी त्याच्यावर विश्वास ठेवतो’ याचे भाषांतर ‘आय ट्रस्ट ऑन हिम’ असे सर्रास केले जाते. ते अशुद्ध आहे. ‘आय ट्रस्ट हिम’ एवढेच पुरे. विश्वास किंवा श्रद्धा या अर्थाच्या ‘बिलिव्ह’, ‘फेथ’ व ‘कॉन्फिडन्स’ या शब्दांपुढे ‘ऑन’ न येता ‘इन’ येतो.

दुसरी चूक प्रश्नार्थक वाक्यातील. ‘आपण कोणावर भिस्त ठेवावी?’ यात ‘वर’ हा ‘कोण’ ला चिकटलेला असतो. इंग्रजीत मात्र ‘हू कॅन वुई काउंट ऑन?’ असे ‘ऑन’ वाक्याच्या अखेरीस एकटे राहते. विद्यार्थी ते गाळतो. मग उरते ‘हू कॅन वुई काउंट?’, म्हणजे ‘आपण कोणाला मोजावे?’

तिसरी चूक सर्वनामाच्या स्थानाची. ‘काउंट ऑन मी’ शुद्ध, ‘काउंट मी ऑन’ अशुद्ध. परंतु ‘लेट डाउन’ मध्ये सर्वनाम मधेच येते: ‘ही लेट मी डाउन’ शुद्ध, ‘ही लेट डाउन मी’ अशुद्ध. ‘बॅक अप’ चेही तसेच. ओळखण्याची एक सोपी खूण उच्चारात आहे. ‘काउंट ऑन’, ‘रिलाय ऑन’ यांत जोर क्रियापदावर असतो व ‘ऑन’ हळू उच्चारले जाते. या जोड्या फुटत नाहीत. ‘लेट डाउन’, ‘बॅक अप’ यांत मागील अव्ययावर जोर येतो. या जोड्यांच्या मधे सर्वनाम शिरते. शिक्षकांनी वाक्ये मोठ्याने वाचून घेतल्यास हा नियम न सांगताही कानांत बसेल. येथेच ‘काउंट मी इन’ हा प्रयोगही सांगून ठेवावा. त्याचा अर्थ भिस्त ठेवा असा नसून ‘मलाही तुमच्यात धरा’ असा आहे.

चौथी चूक विरुद्धार्थी शब्दाची. ‘डिपेंडंट’ पुढे ‘ऑन’ येते, परंतु ‘इंडिपेंडंट’ पुढे ‘ऑफ’ येते. ‘इंडिपेंडंट ऑन’ असा प्रयोग नाही.

कार्यालयीन व्यवहारात

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि राज्य शासनाचा कारभार मराठीतून चालतो. असे असले तरी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे, कंपन्यांचे करारनामे, आणि संविधानाच्या अनुच्छेद ३४८ अन्वये सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज यांमुळे इंग्रजी कागदाशी संबंध येतोच. विभागीय चौकशी हे त्याचे नेहमीचे उदाहरण. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ नुसार दोषारोपपत्रासोबत ज्या कागदपत्रांच्या आधारे आरोप सिद्ध करावयाचे आहेत, त्यांची यादी देण्यात येते. इंग्रजी पत्रव्यवहारात त्यांना ‘रिलाइड अपॉन डॉक्युमेंट्स’ म्हणतात. ‘अपॉन’ हे ‘ऑन’ चेच अधिक औपचारिक रूप आहे. त्याचा अर्थ ‘विश्वासार्ह कागदपत्रे’ असा नाही. ‘ज्यांचा आधार घेण्यात आला आहे अशी कागदपत्रे’ असा आहे. ती विश्वासार्ह आहेत किंवा नाहीत हेच तर चौकशीत ठरावयाचे असते.

आणखी दोन वाक्ये पाहू. ‘द डिसिजन विल डिपेंड ऑन द अव्हेलेबिलिटी ऑफ फंड्स.’ ही मंजुरी नव्हे आणि नकारही नव्हे; निर्णय निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून राहील, एवढेच त्यात सांगितले आहे. ‘द व्हिलेज शुड नॉट बँक ऑन धिस ग्रँट.’ ज्याला ‘बँक’ हा शब्द केवळ पैसे ठेवण्याची जागा म्हणून ठाऊक आहे, तो याचा अर्थ ‘हे अनुदान बँकेत ठेवू नये’ असा लावील. वास्तविक ‘हे अनुदान मिळेलच असे धरून चालू नये’ असा इशारा त्यात आहे. पहिल्या अर्थाने चालणारी पंचायत कामे सुरू करून बसेल, आणि अनुदान न आल्यास मजुरांची देणी कोणी द्यावयाची हा प्रश्न सरपंचांपुढे उभा राहील.

लेखन करताना औचित्याचाही विचार हवा. ‘डिपेंड ऑन’, ‘रिलाय ऑन’ व ‘टर्न टू’ ही क्रियापदे शासकीय पत्रात चालतात. ‘बँक ऑन’, ‘लीन ऑन’, ‘लेट डाउन’ ही बोलीतील वळणाची आहेत. ती वाचताना समजावीत. स्वतःच्या कार्यालयीन पत्रात शक्यतो योजू नयेत.

वर्गात काय करता येईल

जोडक्रियापदांची वर्णानुक्रमे यादी फळ्यावर लिहून देण्याने फारसा लाभ होत नाही. त्याऐवजी शिक्षकांनी एखादा परिचित प्रसंग घ्यावा. उदाहरणार्थ, सावड. आज चार घरची माणसे एकाच्या शेतात राबतात, उद्या तो त्यांच्या शेतात राबतो. या प्रसंगावर मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्यावे, मग मराठीत वाक्ये करवून घ्यावीत आणि प्रत्येक वाक्यास चार प्रश्न विचारावेत. येथे गरज सांगितली आहे काय? असल्यास ‘डिपेंड ऑन’. विश्वास सांगितला आहे काय? असल्यास ‘रिलाय ऑन’ किंवा ‘काउंट ऑन’. इतर उपाय थकले आहेत काय? असल्यास ‘फॉल बॅक ऑन’. कोणी शब्द पाळला किंवा मोडला काय? असल्यास ‘स्टँड बाय’ किंवा ‘लेट डाउन’.

अशा रीतीने मुलाचे लक्ष शब्दावरून अर्थावर जाते. ‘भरोसा’ हा शब्द गुजराती, हिंदी आणि खानदेशी बोलीतही परिचित आहे. त्याचा आधार घेतल्यास मराठीत नवख्या असलेल्या मुलालाही छटा पकडता येते. घरची बोली ही इंग्रजीच्या वाटेतील अडसर नसून पहिली पायरी आहे, हे शिक्षकांनी स्वतःच्या वागणुकीतून दाखवून द्यावयास हवे.

वाचणाऱ्यावर विसंबलेले गाव

भाषेतील परावलंबन किती मोलाचे असते याची साक्ष याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. नर्मदा पाणी तंटा लवादाचा अंतिम निवाडा १९७९ साली झाला. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित होणार होती आणि ती अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील होती. ज्या कुटुंबाची २५ टक्क्यांहून अधिक जमीन संपादित होईल, त्याला किमान २ हेक्टर सिंचनयोग्य जमीन द्यावी, अशी तरतूद त्या निवाड्यात होती. निवाडा इंग्रजीत होता. ज्यांच्या जमिनीविषयी तो होता त्यांची भाषा भिली आणि पावरी होती. त्यातील आपला हक्क कोणता हे कळण्यासाठी या कुटुंबांना दुसऱ्याच्या वाचनावर विसंबण्यावाचून गत्यंतर नव्हते. वाचून सांगणारा जे सांगेल, तोच त्यांच्यापुरता निवाडा.

आजही गावात इंग्रजी कागद येतो तेव्हा तो ग्रामसेवकाच्या किंवा गुरुजींच्या हाती दिला जातो. ‘भाऊसाहेब, यात काय लिहिले आहे ते आम्हांला नीट सांगा,’ असे सरपंच म्हणतात तेव्हा ते केवळ भाषांतर मागत नसतात. ते भरवसा टाकीत असतात. यास्तव कागद वाचून दाखविणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. क्रियापद आणि त्यामागील अव्यय एकत्र वाचावे. शंका असल्यास अंदाजाने अर्थ न सांगता शब्दकोशात ती जोडी क्रियापदाच्या नोंदीखाली शोधावी. अट, इशारा आणि आश्वासन यांतील भेद स्पष्ट करून सांगावा. महत्त्वाच्या कागदाचा मराठी मजकूर लिहून ग्रामसभेत वाचावा आणि तो मूळ कागदासोबत पंचायतीच्या दप्तरी ठेवावा, म्हणजे पुढे कोणालाही दोन्ही ताडून पाहता येतील.

केंद्र पातळीवरील शिक्षण परिषदेत अशा दहा-बारा जोडक्रियापदांवर एखादा तास ठेवणे मुळीच कठीण नाही. शिक्षकांनी आपापल्या गावातील उदाहरणे आणावीत, ती भिली, पावरी, मावची, अहिराणी आणि मराठी अशा भाषांतून मांडावीत आणि त्यांची इंग्रजी वाक्ये एकत्रित तयार करावीत. त्यातून जी छोटी वही तयार होईल ती वर्गात तर उपयोगी पडेलच. शिवाय पंचायतीच्या टेबलावर ठेवल्यास, पुढच्या वेळी आलेला इंग्रजी कागद गावातीलच आठवी-नववीतील मुलगी आपल्या आजोबांना वाचून समजावू शकेल.